एक जीपीएस निवडायला चौदा महिने

पुढे जे लिहिते आहे ते माझ्या नवऱ्याला माहीत नाही, ताईला माहीत नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या भाऊजींना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय! ओळखत असतात तर सगळ्यांना जे ऐकवत आले तेच तुम्हालाही ऐकवलं असतं — आणि तुम्हीही म्हणाला असतात, वा मंजिरी, किती विचार करून घेतलंस गं ते यंत्र.

त्या यंत्राचा मला इतका वैताग आलाय! तळहाताहून जरासं मोठं. विमानाच्या काचेला रबरी चकतीनं चिकटवायचं. आपण कुठे आहोत ते नकाशावर दाखवतं, आणि पुढच्या वाटेवरचा पाऊस, ढग, विजा उपग्रहाकडून मागवून त्याच नकाशावर रंगवतं. आमच्या फ्लाइंग क्लबमध्ये — इथे त्याला फेराइन म्हणतात — कुणाला असं काही विकत घ्यायचं असलं की त्याला माझ्याकडे पाठवतात. हिला विचारा, हिनं वर्षभर अभ्यास केलाय. खरंच केलाय. वर्षभर कशाला, चौदा महिने. एवढं एक यंत्र निवडायला चौदा महिने का लागले, हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. जर्मन माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही — ग्रुंडलिश आहे म्हणतात, म्हणजे मुळापासून काम करणारी. डोंबल!

जरा नीट सांगते. मी इंगोलश्टाटला राहते, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. माझी थोरली ताई आणि भाऊजी इथे माझ्या आधी पंधरा वर्षं आले. मी शिकायला आले ती त्यांच्याच भरवशावर. पहिले चार महिने त्यांच्या बैठकीतल्या सोफ्यावर झोपले. भाऊजी मूळचे कराडचे. लहानपणापासून विमानाचं वेड, पण तेव्हा परवडणारं नव्हतं. पंचेचाळिशीत इथे लायसन्स काढलं. हा माणूस बारा वर्षं जुना कोट घालतो, सुट्टीत हॉटेलात उतरत नाही, स्वतःसाठी म्हणून काही घेत नाही — चैन एकच, उडणं. चार जण बसतील असं फेराइनचं जुनं विमान, पुढे एक पंखा. त्यातून महिन्याला दोन-तीन तास. तेवढ्यावर हा माणूस महिनाभर खूश.

मलाही त्यांनीच या नादाला लावलं. माझा नवरा रोज ट्रेननं म्युनिकला जातो आणि झोपाळ्यावरसुद्धा त्याला गरगरतं, त्यामुळे घरातून काही उत्तेजन नव्हतं. भाऊजी मात्र माझ्या प्रत्येक परीक्षेला धावपट्टीच्या कुंपणापाशी थर्मास घेऊन उभे असायचे. लायसन्स मिळालं त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ताई म्हणालीसुद्धा, स्वतःच्या लायसन्सला एवढे रडले नव्हते.

हे सगळं आधी सांगते आहे ते कशासाठी, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मुद्द्यावर यायला मला नेहमीच वेळ लागतो.

ताईची मुलगी मुक्ता कायझर्सलाउटर्नला युनिव्हर्सिटीत शिकते. सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही तिघं तिला भेटायला विमानानं गेलो. जाऊन-येऊन दोन दिवस. माझी ही पहिलीच लांबची फेरी आणि पहिल्यांदाच माणसं बरोबर. कॅप्टन मी. भाऊजी उजव्या सीटवर, ताई मागे — मांडीवर डबा, डब्यात मुक्तासाठी बेसनाचे लाडू. शनिवार इतका सुंदर गेला की काय सांगू. ऱ्हाईन नदी ओलांडताना ताईनं स्वतःहून खिडकीतून खाली बघितलं. एरवी ती लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटते.

रविवारी दुपारी परत निघायचं होतं. आमच्यासारखी छोटी विमानं ढगात शिरत नाहीत. शिरायचंच नसतं, जमीन सतत दिसली पाहिजे. म्हणून निघण्यापूर्वी हवामानाचा अहवाल बघायचा. इथे आमच्यासाठी एक सोपा अहवाल निघतो — देशाचे छोटे छोटे तुकडे पाडलेले आणि प्रत्येक तुकड्याला दर दोन तासांसाठी एक अक्षर. ओ म्हणजे उघडं, बिनधास्त जा. डी म्हणजे अवघड. एम म्हणजे जेमतेम — जर्मन लोक त्याला सरळ धोक्याचं म्हणतात. एक्स म्हणजे बंद. शेंबडं पोर वाचू शकेल.

भाऊजींचा एक नियम आहे. जो उडवणार त्यानंच अहवाल वाचायचा आणि बाकीच्यांना सांगायचा. दोघांनी फोनमध्ये डोकं घातलं की कुणीच नीट वाचत नाही. विमानतळाच्या कँटीनबाहेर बाकावर बसून मी फोन बघत होते. त्यांनी विचारलं, “काय म्हणतंय?”

मी म्हटलं, “सगळीकडे ओ आहे, भाऊजी.”

ते म्हणाले, “मग चला.”

तासाभरानं डोंगर सुरू झाले. फार उंच नाहीत, फ्रँकोनियाचे साधे जंगलाचे डोंगर. पण ढगाचं छत खाली खाली यायला लागलं. मी थोडी खाली आले. छत आणखी खाली. मी आणखी खाली. समोरच्या टेकडीवर पवनचक्क्या होत्या, आणि त्यांची पाती वर जाताना ढगात नाहीशी होत होती, मग खाली येताना परत दिसत होती. हे दृश्य मला अजून दिसतं. ती पाती आमच्याच उंचीवर होती हो! काच पावसानं भरली. मागून ताई काहीतरी म्हणत होती, मला शब्द कळत नव्हते. माझे हात हँडलवर असे घट्ट बसले होते की ते माझे नव्हतेच. उजवीकडे वळायचं की डावीकडे? मागे फिरायचं? मला काहीही सुचत नव्हतं.

“मंजिरी, मी घेतो आता. हात सोड.”

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. मला हात सोडता येईनात, तर त्यांनी माझ्या मनगटावर हलकेच थापटलं, लहान मुलाला उठवावं तसं. मग विमान वळवलं, आलो त्या दरीनं परत नेलं, आणि ग्लायडरवाल्यांच्या एका गवताळ पट्टीवर उतरवलं. रेडिओवर कुणी उत्तरसुद्धा देत नव्हतं. ताईला पिशवीत उलटी झाली होती. खाली उतरून ती ओल्या गवतावर बसली ती पाच मिनिटं उठलीच नाही.

आणि मी काय केलं? मी टॉयलेट शोधलं.

दुसऱ्या दिवशीपासून जे सुरू झालं ते ऐका. ताईनं रात्री जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, “अहो, गाडीतून जाताना पुढे पाऊस आहे का ते मला फोनवर दिसतं. आणि तुम्ही दोघं इंजिनिअर, आंधळ्यासारखे ढगात शिरता? पुढचं हवामान दाखवणारं काहीतरी विमानात आल्याशिवाय तुम्ही उडायचं नाही. बास.”

मला वाटलं, भाऊजी वाद घालतील. ते म्हणाले, “बरोबर आहे तिचं. निघताना ओ होतं आणि वाटेत बदललं — वर आपल्याला ते कळणार कसं? फोनला रेंज धड नसते. मंजिरी, तू बघ गं. उपग्रहावरून हवामान घेणारं पोर्टेबल काहीतरी. तुझं डोकं चालतं त्यात.”

मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार होते?

आता बघा, हे काम किती दिवसांचं आहे? मी सांगते — दोन आठवड्यांचं. बाजारात अशी यंत्रं आहेत किती? ज्याचे इंटरनेटवर सगळे गोडवे गातात, त्याचं उपग्रहाचं हवामान फक्त अमेरिकेवर चालतं. जर्मनीत ते निव्वळ महागडा नकाशा. दुसऱ्याचा पडदा उन्हात दिसत नाही. तिसरं एक छोटा वेगळा डबा घेऊन येतं. तो डबा उपग्रहाशी बोलतो आणि चित्र पडद्यावर पाठवतो. युरोपभर चालतं, बॅटरी पाच तास, पडदा उन्हातही स्वच्छ. झालं की! ऑक्टोबर संपायच्या आत हे तिसरं यंत्र माझ्या तक्त्यात तिसऱ्या ओळीत होतं. आज विमानात आहे तेही तेच.

मग चौदा महिने मी काय करत होते?

दर शनिवारी सकाळी ताईच्या स्वयंपाकघरात भाऊजी चष्मा लावून माझ्या तक्त्यासमोर बसायचे. ताई पोहे ढवळायची. आणि मी दर वेळी नवी अडचण काढायची. याची चकती थंडीत सुटते म्हणे. त्याचं वार्षिक करारपत्र जर्मनमध्ये नाही. याची पुढची आवृत्ती उन्हाळ्यात येणार आहे, थांबू या. अजून एक तुलना करते. अजून एक व्हिडिओ बघते. मला माझ्याच आवाजाची चीड यायची. आणि भाऊजी? भाऊजी म्हणायचे, “घाई नको. नीट होऊ दे.” दर वेळी! एकदा तरी त्यांनी टेबलावर हात आपटायला नको होता का? एकदा तरी म्हणायला नको होतं का, अगं बाई, घेऊन टाक आता? इतका सोशिक माणूस समोर असला की खोटं बोलणाऱ्याचं काम फार सोपं होतं, आणि फार असह्यही.

कारण त्यांची एक कसोटी होती, आणि मला नको होती ती तीच. प्रत्येक यंत्राला ते एकच प्रश्न विचारायचे — हे असतं तर त्या रविवारी आपल्याला ढग आधी दिसले असते का? त्यांना त्या दिवसाचे जुने अहवाल हवे होते. किती वाजता बदललं, किती झपाट्यानं बदललं, यंत्रावर केव्हा उमटलं असतं. “तू मागव ना ते,” म्हणायचे.

मी म्हटलं, “जुने अहवाल मिळत नाहीत, भाऊजी.”

मिळतात. एक ईमेल पाठवली की मिळतात.

आता सांगतेच. किती गोल गोल फिरणार?

त्या दुपारी बाकावर बसून मी फोन उघडला तेव्हा वाटेतल्या पहिल्या चार तुकड्यांना ओ होतं. मधल्या डोंगरांना, आम्ही तिथे पोचणार होतो नेमक्या त्या दोन तासांना — एम. मोठं, ठळक एम. मी ते बघितलं. चुकून नजरेतून सुटलं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगून बघितलं. पण मी ते अक्षर बोटानं मोठं करून बघितलं होतं. मग स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, विमान चालवताना लागतो म्हणून. आणि मग मान वर करून म्हटलं, सगळीकडे ओ आहे.

ग्लायडरवाल्यांच्या त्या टॉयलेटमध्ये मी काय केलं? ताई बाहेर गवतात बसली होती, आणि मी दाराला कडी लावून तो फोटो पुसून टाकला. मग पुसलेले फोटो जिथे साठतात तिथूनही पुसला. मग तोंड धुतलं आणि बाहेर येऊन ताईच्या पाठीवरून हात फिरवला.

का केलं मी असं? तुम्हाला वाटेल काहीतरी मोठं कारण असेल. ते कारण सांगायची मला खोटेपणापेक्षा जास्त लाज वाटते. विमान रविवारी चार वाजल्यापासून राइनर नावाच्या आमच्या एका सभासदानं राखून ठेवलं होतं. नातवंडांना चक्कर मारायला. आणि याच राइनरनं उन्हाळ्यातल्या ग्रिल पार्टीत सगळ्यांसमोर हसत हसत मला म्हटलं होतं, “पण वेळेवर आण हं, इंडियन टाइम नको.” सगळे हसले होते. मीही हसले होते. बाकावर एम बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ढग आले नाहीत, डोंगर आले नाहीत. आला तो राइनर. त्याला फोन करून म्हणायचं की आम्ही अडकलो, विमान आज मिळणार नाही — छे! त्यापेक्षा मी म्हटलं, होईल, जेमतेम म्हणजे काही बंद नव्हे, निघून जाऊ खालून. माझी ताई मागच्या सीटवर बसवून मी हे ठरवलं.

शेवटी विमान त्या रात्री त्या गवतावरच राहिलं, आम्ही ट्रेननं घरी आलो. राइनरला फोन करावाच लागला. तो भाऊजींनी केला, मला बोलवेना. राइनर काय म्हणाला माहीत आहे? “खाली सुखरूप आहात ना? मग ठीक.” बस! एवढंच. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून स्वतः गाडीनं आला, भाऊजींना विमानापाशी सोडलं, आणि त्यांनी ते परत आणलं. इंडियन टाइमचं नावसुद्धा काढलं नाही. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. माणसानं निदान एक टोमणा तरी मारायचा!

एप्रिलमध्ये भाऊजी मला बोडेनझे सरोवराच्या काठावर विमानांच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं तिथे घेऊन गेले. ताईनं पहाटे उठून थेपले करून दिले होते. तिसऱ्या ओळीतल्या त्या यंत्राचा स्टॉल होता. विक्रेती पन्नाशीची, केस बारीक कापलेले, स्वतः पायलट. तिनं फार सरळ माहिती दिली. म्हणाली, “हे चित्र आत्ताचं नसतं, हे लक्षात ठेवा. कोपऱ्यात चित्राचं वय लिहिलेलं असतं, पण रडारनं पाऊस पाहिला तो त्याच्याही आधी. दहा-पंधरा मिनिटांचा फरक धरून चला. लवकर मागे फिरायला हे यंत्र उत्तम. दोन ढगांच्या मधून वाट काढायला वापराल तर मराल.”

भाऊजींना हे भयंकर आवडलं. त्यांनी आपला प्रश्न विचारला. त्या रविवारची सगळी हकीकत सांगितली, हातवारे करून, पवनचक्क्यांसकट. म्हणाले, “निघताना सगळं उघडं होतं. माझ्या मेहुणीनं स्वतः तपासलं होतं. ती फार काटेकोर आहे.”

ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, “कुठली तारीख? आमच्याकडे इथे जुनी चित्रं भरलेली आहेत, दाखवायला. लावून बघू या का? अहवालाची अक्षरंही दिसतील बाजूला.”

भाऊजींनी लगेच खिशातून डायरी काढली. त्यांच्या डायरीत सगळ्या तारखा असतात.

मी म्हटलं, “भाऊजी, मला चक्कर येतेय.”

येत होतीच, म्हटलं तर. त्यांनी डायरी तशीच मिटली. मला हाताला धरून बाहेर आणलं, पाणी आणलं, थेपला पुढे केला. सकाळपासून काही खाल्लं नाहीस तू, म्हणाले. परत स्टॉलवर जाऊ या असं त्यांनी दोनदा सुचवलं, आणि दोन्ही वेळा मी कपाळाला हात लावला. येताना गाडीत गप्प बसले होते, तर मला वाटलं, कळलं वाटतं यांना. म्हणाले, “तुला अजून त्या दिवसाची भीती बसलीय, नाही का? मी उगाच तोच तोच विषय काढतो.”

अशा माणसाचं काय करायचं?

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा काढला नाही. जुन्या अहवालांचंही नाव घेतलं नाही. म्हणजे माझ्या मार्गातला काटा निघाला होता. आता तरी मी तिसरी ओळ दाखवून म्हणायला हवं होतं, हे घ्या. पण आता मला दुसरंच भय पडलं. यंत्र आलं की ते पुन्हा उडणार. उडणार म्हणजे माझ्या शेजारी बाकावर बसणार, आणि मी अहवाल वाचणार, आणि ते विचारणार, काय म्हणतंय? तो प्रश्न परत ऐकायचा मला धीर नव्हता. म्हणून ढकलत राहिले. उन्हाळा आला. नवी आवृत्ती आली. मी म्हटलं, नव्यात काही दोष असतील तर लोकांना सापडू देत आधी.

आणि त्या उन्हाळ्यात मी स्वतः उडत होते. हो. ताईची अट भाऊजींना होती, मला नव्हती. मी एकटी उडायचे, आकाश लख्ख असेल तेव्हाच, कसल्याही यंत्राशिवाय. भाऊजी सोबत यायचे विमानतळावर. हँगरचं दार लोटायचे, विमान बाहेर ढकलायला हात लावायचे, काचेवरचे किडे पुसायचे. मग कुंपणापाशी उभे राहायचे. त्यांचं लायसन्स चालू होतं, डॉक्टरांचा दाखला जानेवारीतच नवा झाला होता. फक्त त्यांनी बायकोला शब्द दिला होता, आणि यंत्र मेहुणी निवडत होती.

शेवटी नोव्हेंबरात ताईच वैतागली. “अगं मंजू, एक वस्तू घ्यायला किती काळ लावशील? मी म्हटलं खरं, पण हे बघ कसे झालेत. शनिवारी नुसते खिडकीत बसतात.” मग मी त्याच दुपारी तिच्या टेबलावर बसून तिसऱ्या ओळीतलं यंत्र मागवलं. चार मिनिटं लागली.

डिसेंबरात खोकं आलं. भाऊजींनी ते असं उघडलं की कागदसुद्धा फाटू दिला नाही. आठवडाभर रोज खिडकीत ठेवून उपग्रह पकडायचे आणि मला फोन करायचे, आत्ता न्युर्नबेर्गवर पाऊस आहे बघ. धुक्याचे दिवस होते, उडता येत नव्हतं. वसंतात जाऊ, म्हणाले.

जानेवारीत त्यांची नेहमीची तपासणी होती. पन्नाशीनंतर पायलटला दरवर्षी डॉक्टरकडे जावं लागतं. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित निघाले. गोळ्या सुरू झाल्या, जिवाला तसा धोका नाही. पण दाखला मिळाला नाही. मार्चमध्ये परत तपासलं, तेव्हाही नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तुमचं उडणं संपलं म्हणून समजा.

ताई फोनवर रडली. मलाही रडू आलं, आणि ती मलाच समजावत होती.

म्हणजे त्यांचा शेवटचा उन्हाळा तो होता. कुंपणापाशी गेला तो.

मी तेव्हा सांगायला हवं होतं का? त्यानं काय झालं असतं? हे प्रश्न मी बरेच दिवस चघळले, आणि मला माझा कंटाळा आला. सांगायच्या वेळा पुष्कळ होत्या. गवतावर, पोह्यांच्या टेबलाशी, त्या स्टॉलवर, येताना गाडीत. एकाही वेळी कुणी माझं तोंड धरलं नव्हतं.

मार्च संपता संपता फेराइनची सुरक्षेची बैठक असते, हंगाम सुरू व्हायच्या आधी, सकाळी दहाला, हँगरमध्येच. खुर्च्या मांडलेल्या, कॉफी, कुणीतरी केक आणलेला. दरवर्षी एखादा सभासद आपल्यावर आलेला प्रसंग सांगतो. यंदा भाऊजींनी नाव दिलं होतं. मला आधी बोलले नव्हते. चाळीसेक माणसं होती. राइनर पहिल्या रांगेत.

भाऊजी उठले. तोच जुना कोट. जर्मन त्यांचं अजूनही कराडच्या वळणाचं आहे, पण स्वच्छ बोलतात. त्यांनी नकाशा लावला, वाट दाखवली, ढग कुठे भेटले ते दाखवलं. मग म्हणाले, “या प्रसंगात चूक माझी होती. कॅप्टन माझी मेहुणी होती, पण ती नवीन होती आणि मी जुना. तिनं हवामान चोख तपासलं होतं. निघताना सगळं उघडं होतं. छत खाली यायला लागलं तेव्हाच मी ‘मागे फिर’ म्हणायला हवं होतं. मी दहा मिनिटं गप्प बसलो, तिला वाईट वाटेल म्हणून. त्या दहा मिनिटांनी माझ्या बायकोचा जीव गेला असता. आता मी उडत नाही. पण तुम्ही उडता. शेजारी जुना माणूस असाल तर गप्प बसू नका.”

मग आमच्या प्रशिक्षण प्रमुख बाईंनी मागे वळून मला विचारलं. त्यांना काही शंका नव्हती, त्या फक्त वहीत टिपून घेत होत्या. “म्हणजे निघतानाच्या अहवालात त्या डोंगरांवर काहीच नव्हतं? पूर्ण वाटेवर ओ?”

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. भाऊजीही बघत होते — जरासे हसून, घाबरू नकोस असं म्हणावं तसे.

मी म्हटलं, “गेनाऊ.”

अगदी बरोबर. इतका छोटा शब्द आहे. बाईंनी टिपून घेतलं.

मग टाळ्या सुरू झाल्या. राइनर उभा राहून वाजवत होता. भाऊजी रांगेतून वाट काढत माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. कपाळावर घाम होता. माझ्याकडे झुकून मराठीत हळूच म्हणाले, “बरं बोललो ना गं?”

“छान बोललात, भाऊजी.”

आणि मीही टाळ्या वाजवायला लागले.